तू कुणाचा माणूस? मध्ययुगीन दंतकथांमधली राजनिष्ठा

किल्ल्याला वेढा पडलाय. बाहेर राजा आर्थर, आत त्याचाच सगळ्यात लाडका योद्धा लान्सलॉट. एके दिवशी आतली फौज बाहेर पडते, हातघाईची लढाई जुंपते आणि त्या गर्दीत लान्सलॉटचा भाऊबंद बोर्स थेट राजाला गाठतो. भाल्याच्या एका तडाख्यात आर्थर घोड्यावरून खाली. बोर्स उतरतो, तलवार उपसतो आणि लान्सलॉटला विचारतो, एकदाची मिटवून टाकू का ही लढाई? लान्सलॉट उलट त्याच्यावरच खेकसतो: राजाला हात लावलास तर तुझं डोकं जागेवर राहणार नाही, ज्यानं मला नाइट केलं त्याला मेलेला किंवा बेअब्रू झालेला मी बघणार नाही. मग स्वतः खाली उतरतो, राजाला उठवतो आणि पुन्हा घोड्यावर बसवतो. वर बसल्यावर आर्थर त्याच्याकडे बघतो आणि त्याच्या डोळ्यांना धार लागते.

आता या लान्सलॉटला काय म्हणायचं? राणी ग्विनिव्हिअरशी त्याचं सूत जुळलेलं. तिला जाळायला नेलं तेव्हा राजाची माणसं कापून त्यानं तिला पळवलेलं. त्या धुमश्चक्रीत गवेन या त्याच्या जिवलग मित्राचे दोन भाऊ मेले, तेही अंगावर चिलखत नसताना. एवढं करून हा माणूस राजाला घोड्यावर चढवतो. फितूर म्हणावा तर हे असं, आणि निष्ठावंत म्हणावा तर ते तसं.

आपल्या कानावर लहानपणापासून जे शब्द पडलेत ते घेऊन इथे गेलं की घोटाळा होतो. खाल्ल्या मिठाला जागणं, नमकहरामी, धन्यासाठी जीव ओवाळून टाकणं. मीठ एकदा खाल्लं की खाल्लं, ते परत करता येत नाही. युरोपातल्या मध्ययुगीन कथांमधली निष्ठा बांधायला एक विधी होता, सोडायला दुसरा होता, आणि ती दोन्ही बाजूंवर बंधनकारक होती. हे एकदा लक्षात आलं की लान्सलॉट, रोलाँ, एल सिद ही सगळी मंडळी वेगळीच दिसायला लागतात.

आधी नाइट कोण ते बघू. अंगात चिलखत, बुडाखाली महागडा घोडा आणि कुणीतरी विधिवत कमरेला बांधलेली तलवार, असा योद्धा म्हणजे नाइट. आपण भाषांतरात त्याला 'सरदार' करून टाकतो, पण कित्येक नाइटांकडे गुंठाभर जमीनही नसायची. त्याच्या नावाआधी लागणारं 'सर' लॅटिनमधल्या 'ज्येष्ठ' या अर्थाच्या शब्दापासून आलं. शाळेत मास्तरांना आपण हाक मारतो ते हेच.

विधीचं सगळ्यात चांगलं वर्णन फ्लँडर्समधून मिळतं. आजच्या बेल्जियममधल्या ब्रुझ शहरात ११२७ च्या मार्चमध्ये त्या प्रांताचा सत्ताधीश, काउंट चार्ल्स, चर्चमध्ये प्रार्थना करत असताना मारला गेला. नवा काउंट विल्यम आला. गाल्बर्ट नावाच्या एका कारकुनानं त्या दिवसांची जवळजवळ रोजनिशीच लिहून ठेवली. तो सांगतो की नव्या काउंटनं समोर आलेल्या प्रत्येकाला विचारलं, तुला पूर्णपणे माझा माणूस व्हायचंय का? त्यानं म्हणायचं, होय, व्हायचंय. मग आपले जोडलेले हात काउंटच्या हातांत द्यायचे, काउंटनं ते आपल्या ओंजळीत धरायचे आणि दोघांनी एकमेकांचं चुंबन घ्यायचं. त्यानंतर संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ. शेवटी काउंटनं हातातली छडी घेऊन ज्याची त्याची जहागीर ज्याला त्याला बहाल करायची.

या विधीला फ्रेंचमध्ये 'ओमाज' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी आहे 'ओम', म्हणजे माणूस. 'मी तुमचा माणूस.' याचं भाषांतर मराठीत करावंच लागत नाही. 'तो साहेबांचा माणूस आहे' हे वाक्य आपण पानटपरीपासून विधानभवनापर्यंत रोज ऐकतो, आणि त्यात काय काय येतं हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

तिकडे मात्र समजावून सांगावं लागलं. साधारण १०२० च्या सुमारास अकितेनच्या ड्यूकनं शार्त्रचा बिशप फुल्बेर याला विचारलं की आपल्या माणसानं आपल्यासाठी नेमकं काय करायचं असतं. फुल्बेरनं उत्तरात सहा गोष्टी मोजून दिल्या. धन्याच्या शरीराला इजा करू नये. त्याची गुपितं आणि गढ्या दगा देऊन कुणाच्या हाती घालू नयेत. त्याच्या अब्रूला आणि न्यायाच्या अधिकाराला धक्का लावू नये. त्याच्या मालमत्तेचं नुकसान करू नये. आणि उरलेल्या दोन तर एखाद्या वैतागलेल्या हेडक्लार्कनं लिहाव्यात अशा आहेत: त्याला जे सोपं आहे ते अवघड करून ठेवू नये, आणि जे शक्य आहे ते अशक्य करू नये. पुढे बिशप म्हणतो की नुसतं वाईट न करून भागत नाही, धन्याला मदत आणि सल्ला द्यायला हवा, तेव्हाच तो जहागिरीला लायक. पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य येतं, त्यावर पुढच्या दोन-तीनशे वर्षांच्या कथा उभ्या आहेत: धन्यानंही आपल्या माणसाशी या सगळ्या बाबतींत असंच वागलं पाहिजे, आणि तो तसं वागला नाही तर तोच बेइमान.

म्हणजे बेइमानी वरूनही होऊ शकते. राजाकडूनही.

प्रत्यक्षात हा व्यवहार बराच रोकडा होता. वर्षातून साधारण ४० दिवस स्वतःच्या खर्चानं लढायला जायचं. धनी शत्रूच्या कैदेत सापडला, त्याचा थोरला मुलगा नाइट झाला किंवा थोरल्या मुलीचं लग्न निघालं की पैसे द्यायचे. त्या बदल्यात जमीन आणि संरक्षण. सगळं ठीक चालतं, जोवर धनी एकच असतो. पण इकडे एक शेत आजोबांकडून आलं, तिकडे एक गाव बायकोच्या माहेराकडून आलं, असं होत होत एकाच माणसाला तीन-तीन, चार-चार धनी होऊन बसले. हे धनी आपापसांत भांडले की मग?

तूल गावचा जाँ नावाचा एक जहागीरदार होता. त्याचा तेराव्या शतकातला करारनामा इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. मी शांपेनच्या काउंटचा आणि त्याच्या आईचा माणूस आहे, जगातल्या सगळ्यांविरुद्ध, असं तो दणक्यात सुरू करतो आणि लगेच तीन अपवाद सांगतो, कारण त्याला आणखी तीन धनी आहेत. त्यांतला एक ग्रांप्रेचा काउंट. तो शांपेनशी स्वतःच्या भांडणापायी लढला तर मी जातीनं ग्रांप्रेच्या बाजूनं जाईन आणि जहागिरीपोटी जेवढे नाइट देणं लागतो तेवढे शांपेनकडे पाठवीन. पण तो मित्रांच्या भांडणात पडून लढला तर मी जातीनं शांपेनच्या बाजूनं आणि ग्रांप्रेला एक नाइट. म्हणजे रणांगणावर जाँच्या समोर जाँचीच माणसं! हसू येतं, पण जरा विचार केला तर दुसरं करणार काय बिचारा? त्यानं निदान कागदावर मांडून ठेवलं.

दंतकथांमधल्या नायकांकडे असा कागद नसतो.

सोडवणुकीचा विधीही सांगितला पाहिजे. धन्यानं अन्याय केला, माफी मागितली नाही, भरपाई दिली नाही, तर माणूस सगळ्यांसमक्ष जाहीर करू शकत होता की आजपासून मी तुमचा नाही. काही ठिकाणी गवताची काडी हातात घेऊन ती टाकून देत. हे जाहीर केल्यावर लढाई केली तर ती लढाई, न सांगता केली तर तो दगा. १२१५ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या बंडखोर सरदारांनी किंग जॉनला हेच रीतसर कळवलं, आणि पुढच्या महिन्यात मॅग्ना कार्टा या सनदेवर मोहोर लागली. तिच्या ६१ व्या कलमात तर राजानं शब्द मोडला तर २५ सरदारांनी त्याच्या गढ्या आणि जमिनी ताब्यात घ्याव्यात, फक्त त्याला, राणीला आणि मुलांना हात लावू नये, असं लिहून घेतलं.

गानलाँचा खटला

साधारण ११०० च्या सुमारास फ्रेंचमध्ये चार हजार ओळींचं एक काव्य रचलं गेलं, रोलाँचं गीत. मुळातली घटना छोटी आहे. ७७८ साली राजा शार्लमान्य, जो पुढे सम्राट झाला, स्पेनहून परतत असताना पिरेनीज पर्वतातल्या खिंडीत बास्क लोकांनी त्याच्या पिछाडीवर छापा घातला, त्यात रोलाँ नावाचा एक अधिकारी पडला. तीनशे वर्षांत त्याचं महाकाव्य झालं, बास्कांच्या जागी मुस्लिम फौजा आल्या, आणि मधे एक फितूर आला: रोलाँचा सावत्र बाप गानलाँ.

रोलाँ म्हणजे आपल्याला ओळखीचा निष्ठावंत. धन्यासाठी माणसानं ऊन सोसावं, थंडी सोसावी, कातडी गेली तरी चालेल, असं तो बोलून दाखवतो. मदतीसाठी शिंग फुंक म्हणून मित्र ऑलिव्हिए गयावया करतो, तरी तो फुंकत नाही, आणि अख्खी पिछाडी कापली जाते. ऑलिव्हिए त्याला तोंडावर सुनावतो की तुझ्या या मर्दुमकीपायी फ्रेंच मेले. खुद्द काव्यालाच आपल्या नायकाबद्दल शंका आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

पण खरी मेख शेवटच्या खटल्यात आहे. गानलाँला पकडून दरबारात उभं केलं जातं. शत्रूकडून सोनंनाणं घेऊन त्यानं रोलाँचा ठावठिकाणा विकलाय. तो ते नाकारत नाही! त्याचा बचाव असा: रोलाँनं माझं नुकसान केलं, मला मरायला शत्रूकडे वकील म्हणून पाठवायला लावलं. तेव्हाच मी सम्राटासमोर, सगळ्यांदेखत त्याला आव्हान दिलं होतं. म्हणजे हे वैर मी जाहीर केलं होतं. मी सूड घेतला. दगा केला नाही.

आणि दरबाराला हे पटतं. रोलाँ काही परत येत नाही, याला सोडून द्या, इमानानं चाकरी करील, असं सगळे सरदार म्हणतात. एकटा थिएरी, अंगानं किरकोळ असा एक तरुण, उभा राहतो. त्याचं म्हणणं एकाच मुद्द्याचं आहे: रोलाँनं गानलाँचं कितीही वाईट केलं असो, त्या दिवशी तो सम्राटाच्या कामावर होता. कामावरच्या माणसाला मारणं म्हणजे सम्राटालाच मारणं.

इथे दोन कायदे समोरासमोर उभे आहेत. जुना, घराण्याच्या वैराचा, आणि नवा, ज्यात राजाचं काम सगळ्या वैरांच्या वर. निकाल द्वंद्वयुद्धानं लागतो. थिएरी गानलाँच्या बाजूच्या धिप्पाड पिनाबेलला लोळवतो. गानलाँसाठी जामीन राहिलेले तीस नातेवाईक फासावर जातात आणि गानलाँला चार घोड्यांना बांधून फाडलं जातं. एवढी क्रूर शिक्षा कवीला का लागली असेल? मला वाटतं, ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना गानलाँचं म्हणणं बरोबर वाटत असणार.

बर्निएचे तीन केस

पुढची कथा बाराव्या शतकाच्या शेवटाकडची, आणि सगळ्यांत काळीकुट्ट. सुरुवात राजाच्या बेइमानीनं होते. फ्रान्सचा राजा लुई आपल्या लहानग्या भाच्याची, राऊलची, कांब्रेची जहागीर दुसऱ्याच्या घशात घालतो. राऊल मोठा होऊन भांडायला येतो तेव्हा राजा सांगतो, पुढे जो सरदार मरेल त्याची जमीन तुझी. वेर्मांदवाचा सरदार मरतो. त्याला चार मुलगे आहेत, तरी राऊल त्या जमिनीवर चाल करून जातो. त्या चौघांपैकी एकाचा अनौरस मुलगा बर्निए, आणि हा बर्निए राऊलच्याच घरात वाढलेला, त्याचा माणूस.

राऊल ओरिन्यी गाव जाळतो. तिथल्या मठात शंभर जोगिणी आहेत आणि मठाची प्रमुख आहे बर्निएची आई, मार्सां. सगळ्या जळून मरतात. आईच्या छातीवर स्तोत्रांची पोथी जळताना बर्निए डोळ्यांनी बघतो. आणि तरी तो राऊलला सोडत नाही. याआधी तो म्हणालाच होता की माझा धनी येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासपेक्षा वाईट आहे, पण तो माझा धनी आहे. आईनंही मरण्याआधी त्याला हेच सांगितलेलं: धन्याची चाकरी कर.

वाचणाऱ्याला इथे बर्निएला गदागदा हलवावंसं वाटतं.

मग छावणीत बाचाबाची होते आणि राऊल मोडक्या भाल्याचा दांडा बर्निएच्या डोक्यात घालतो. रक्त येतं. आणि त्या रक्तानं बंधन तुटतं. आईच्या राखेनं जे झालं नाही ते एका खोकेनं झालं! आज हे विचित्र वाटतं, पण करार राऊल आणि बर्निए यांच्यातला होता. आईशी केलेला गुन्हा भयंकर असेल, कराराचा भंग तो नव्हे. धन्यानं आपल्या माणसाच्या अंगावर हात टाकला, हा भंग. नशा उतरल्यावर राऊल भरपाई द्यायला तयार होतो, तीही अफाट: शंभर नाइट डोक्यावर खोगिरं घेऊन कित्येक कोस चालतील आणि तुझं खोगीर मी स्वतः डोक्यावर घेईन. बर्निए म्हणतो, माझं सांडलेलं रक्त आपणहून डोक्यात परत जाईल तेव्हा बोलू.

लढाईच्या आधी बर्निए अंगावरच्या फरच्या झग्यातून तीन केस उपटतो आणि राऊलच्या दिशेनं फेकतो. झालं. हाच तो सोडवणुकीचा विधी, गवताच्या काडीऐवजी केस. आता तो राऊलला मारू शकतो, आणि मारतो. कायद्यानं तो पूर्ण मोकळा आहे. पण कित्येक वर्षांनी, स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेहून परत येताना ओरिन्यीजवळ, जिथे राऊल पडला त्या जागी बर्निएच्या तोंडून एक उसासा निघतो. बरोबर असलेला सासरा, जो राऊलचा काका आहे, विचारतो, काय झालं? बर्निए खरं ते सांगतो. सासरा घोड्याची रिकीब सोडतो आणि तिनंच त्याचं डोकं फोडतो. तीन केसांनी धनी सुटला, राऊल सुटला नाही.

जर्मन भाषेतल्या निबेलुंगांच्या काव्यात (साधारण १२००) रूडिगरची अवस्था याहून बिकट आहे, कारण त्याचा धनी वाईटही नाही. त्यानं राणी क्रीमहिल्डला शब्द दिलाय की तुमचा अपमान करणाऱ्याचा सूड मी घेईन. ज्यांचा सूड घ्यायचा ते बुर्गुंडी पाहुणे त्याच्याच घरी जेवून गेलेत, त्यांतल्या एकाशी त्यानं मुलीचं लग्न ठरवलंय. तो आपल्या धन्याला, राजा एटझेलला, सांगतो, जमीन घ्या, गढ्या घ्या, दिलेलं सगळं परत घ्या, मी पायी देशोधडीला जातो. राजा परत घ्यायला नकार देतो. राजा-राणी दोघंही त्याच्या पाया पडतात. सोडवणुकीचं दार धन्यानंच बंद केलं. मग रूडिगर लढायला जातो, आणि समोर उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी हागेनची ढाल फुटलेली बघून स्वतःची ढाल त्याला काढून देतो. त्यानंच दुसऱ्या एका पाहुण्याला भेट दिलेल्या तलवारीनं तो मरतो.

चांगला चाकर, पण राजा?

स्पेनमधल्या कॅस्टिलचा रॉद्रिगो दियाझ, म्हणजे एल सिद, हा खराखुरा माणूस. राजा आल्फोन्सो सहावा यानं १०८१ मध्ये त्याला हद्दपार केलं. प्रत्यक्षात तो सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या चाकरीत गेला, तिथे नाव कमावलं, १०९४ मध्ये वालेन्सिया जिंकलं आणि १०९९ मध्ये तिथेच मेला. करार तुटला, दुसरा धनी शोधला. त्या काळी यात फारसं कुणाला काही वाटलं नसतं.

शंभरेक वर्षांनी रचलेल्या काव्यानं मात्र सारागोसाची चाकरी गाळली आणि उलटाच सिद उभा केला. हा सिद हद्दपारीत लूट मिळाली की राजाला घोडे पाठवतो. आधी ३०, मग १००, मग २००. हद्दपार माणसावर असलं काही करण्याचं बंधन नव्हतं. काव्यात तो बुर्गोस शहरातून जात असताना सगळी दारं बंद आहेत, कारण त्याला आसरा देणाऱ्याची मालमत्ता आणि डोळे दोन्ही काढले जातील असं राजाचं फर्मान आहे. हे त्याला सांगायला बाहेर येते एक नऊ वर्षांची मुलगी. खिडक्यांतून बघणारे लोक हळहळतात: केवढा चांगला चाकर, राजाही तसाच चांगला असता तर! शेवटी ताहो नदीकाठी राजा त्याला भेटतो तेव्हा सिद गुडघ्यांवर पडून जमिनीवरचं गवत दातांत धरतो. आपल्याकडे दाती तृण धरणं म्हणजे हार मानणं. इथे मात्र वालेन्सिया खिशात असलेला माणूस ते करतोय आणि शरम वाटतेय ती राजाला. प्रत्येक घोड्यागणिक सिद आल्फोन्सोला दाखवत आलाय की मोडलेला करार कुणाच्या बाजूनं मोडलाय.

हे सगळं काव्यातच चालतं असं वाटत असेल तर विल्यम मार्शल बघावा. साधारण ११४७ मध्ये जन्मलेला, घरात थोरला नसल्यानं वाट्याला जमीन न आलेला हा इंग्रज नाइट पाच राजांच्या चाकरीत राहिला. ११८९ मध्ये म्हातारा हेन्री दुसरा आपल्याच मुलापासून, रिचर्डपासून, पळत होता. मार्शल मागे वळला आणि पाठलाग करणाऱ्या रिचर्डच्या समोर भाला घेऊन आला. रिचर्डच्या अंगात चिलखत नव्हतं. मार्शलनं घोडा मारला, राजपुत्र सोडला. काही दिवसांतच हेन्री वारला आणि रिचर्ड राजा झाला. त्यानं मार्शलला बोलावून म्हटलं, तू मला मारणार होतास. मार्शल म्हणाला, मारायचं असतं तर मारलं असतं. रिचर्डनं त्याला माफ तर केलंच, वर श्रीमंत वारसदार इझाबेलशी लग्नही लावून दिलं. आधीच्या धन्याशी शेवटपर्यंत इमान राखणारा माणूस नव्या धन्याला हवाच असतो. त्याच मार्शलनं पुढे नॉर्मंडीतल्या आपल्या जमिनी वाचवायला फ्रान्सच्या राजाच्या हातांतही हात दिले, किंग जॉनचा जळफळाट झाला, आणि याला ते तूलच्या जाँसारखंच रीतसर वाटत होतं. जॉन मेला तेव्हा गादीवर नऊ वर्षांचं पोर होतं आणि अर्धं राज्य फ्रेंचांकडे. सत्तरीच्या आसपासचा मार्शल त्या पोराचा कारभारी झाला. सगळ्यांनी सोडलं तरी याला खांद्यावर बसवून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेईन, भीक मागावी लागली तरी चालेल, असं तो म्हणाल्याचं त्याच्या चरित्रकाव्यात आहे. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती आजही आडवी पडलेली आहे.

आता पुन्हा आर्थरच्या दरबारात.

आर्थर खरा होता की नाही हा वाद बाजूला ठेवू. त्याचं गोलमेज पहिल्यांदा येतं ते ११५५ च्या एका काव्यात, आणि कारण अगदी पंगतीतलं आहे: कुणी वर बसायचं यावरून सरदारांची भांडणं होऊ नयेत. गोलमेजाला टोक नाही, त्यामुळे मानाचं पानही नाही. पुढे १४७० च्या आसपास थॉमस मॅलरीनं या सगळ्या कथा इंग्रजीत एकत्र आणल्या. त्यात आर्थरचे नाइट दर वर्षी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला शपथ घेतात. ती वाचली की आश्चर्य वाटतं. अत्याचार करणार नाही, खून करणार नाही, दगा करणार नाही, दया मागणाऱ्याला दया देईन, स्त्रियांच्या मदतीला धावून जाईन, चुकीच्या भांडणात पैशासाठी लढणार नाही. 'राजा सांगेल ते करीन' हे त्यात कुठेच नाही. दगा न करणं एवढी एकच गोष्ट राजाची म्हणता येईल, बाकी शपथ तिऱ्हाइतांसाठी.

लान्सलॉटचा पेच इथेच आहे. स्त्रियांना मदत करायची शपथ आहे, आणि मदत मागणारी आहे राणी. तिच्यावर आळ येतो तेव्हा तो तिच्या बाजूनं द्वंद्व खेळतो, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे जो जिंकला तो खरा, त्यामुळे तो दर वेळी 'खरा' ठरतो. आर्थरला कुणकुण आहे. पण या माणसानं आपल्यासाठी इतकं केलंय की त्याला ते ऐकायचंच नाही. दोन भाच्यांनी भर दरबारात बोलून दाखवल्यावर त्याचा नाइलाज होतो. एकदा बोललं गेलं की राजाला राजासारखं वागावं लागतं.

तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथेत याचं मूळ आणखी मागे नेलंय. लान्सलॉटला नाइट करायच्या दिवशी आर्थर विधी करतो, पण गडबडीत त्याच्या कमरेला तलवार बांधायची राहून जाते. आणि लान्सलॉट अशी व्यवस्था करतो की ती तलवार आपल्याला राणीकडून मिळेल. तलवार ज्यानं दिली त्याचा नाइट, असा हिशोब. मग हा कुणाचा माणूस? वेढ्यात राजाला घोड्यावर बसवताना तो म्हणतो, यानं मला नाइट केलं. ते अर्धंच खरं आहे, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

भाऊ गमावलेला गवेन राजाला तह करू देत नाही. पोपच्या सांगण्यावरून राणी परत दिली जाते, लान्सलॉट फ्रान्सला निघून जातो, तरी गवेन राजाला फौजेसकट त्याच्या मागे नेतो. गवेनचंही बरोबरच आहे, रक्ताच्या नात्याचं देणं त्याच्यावर आहे. तिकडे पाठीमागे त्या दोन भाच्यांपैकी एक, मॉर्ड्रेड, गादी बळकावतो. परत येताना डोव्हरच्या किनाऱ्यावर, लान्सलॉटकडून झालेल्या जुन्या जखमेवरच पुन्हा घाव बसून गवेन मरायला टेकतो. तेव्हा तो कागद मागवतो आणि लान्सलॉटला पत्र लिहितो: चूक माझी, ये आणि राजाला वाचव.

पत्र पोचतं. लान्सलॉट फौज घेऊन निघतो, पण डोव्हरला उतरतो तेव्हा आर्थरची शेवटची लढाई होऊन गेलेली असते. मदत करायला आता राजाच नाही. तो गवेनची कबर कुठे आहे ते विचारतो, गावात मांस, मासे, दारू वाटतो, येईल त्या बाई-पुरुषाच्या हातावर बारा बारा पेनी ठेवतो, आणि दोन रात्री त्या कबरीवर पडून राहतो.